अर्ध्या शेपटीचा साक्षीदार

१

"आजपासून उंदीर हा प्राणी सारस विहारच्या इतिहासात जमा झाला आहे!" अध्यक्ष अरविंदराव टिपणीस यांनी उजवा हात आकाशाकडे नेत घोषणा केली, आणि माईक बंद पडला.

वायर तपासली. ती कुरतडलेली होती.

सभेत कुणी हसलं नाही. सारस विहारमध्ये अध्यक्षांना हसायचं ते व्हॉट्सॲपवर, समोर नव्हे. पहिल्या रांगेत बसलेल्या नंदकुमार केळशीकरांनी मात्र वायरीचं ते टोक हातात घेऊन नीट पाहिलं आणि खिशात टाकलं. मुंबईच्या जकात नाक्यावर अठ्ठावीस वर्षं ट्रक तपासलेल्या माणसाला कुठलीही वस्तू परत देताना जिवावर येतं.

सारस विहार म्हणजे तळवलीत, ठाणे-बेलापूर रस्त्यापासून आत गेलं की लागणाऱ्या तीन विंगा. इथे सारस कुणी कधी पाहिला नव्हता. पण सोसायटीच्या मागे खाडीकडे जाणारा एक मोकळा प्लॉट होता, त्यावर टिटव्या होत्या. टिटवी अंडी घालते ती उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या मध्ये, आणि उंदरांना ती फार आवडतात. म्हणून एप्रिलपासून अख्ख्या सोसायटीने मोहीम काढली होती. विष वापरायचं नाही, कारण विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही जातं. फक्त पिंजरे. प्रत्येक विंगेला दोन. रात्री भजी अडकवायची, सकाळी उंदराचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि मग विंगप्रमुखाने त्याची 'विल्हेवाट' लावायची. पंपरूममागे त्यासाठी पाण्याचा ड्रम ठेवला होता. सात आठवड्यांत त्रेसष्ट उंदीर झाले होते. आज त्याचाच सत्कार होता.

"अहो," मागून आवाज आला.

चारुलताबाई गच्चीवरून खाली आल्या होत्या. गळ्यात दुर्बीण, चेहरा पिठासारखा पांढरा. नंदकुमारांची बायको, आणि ही मोहीम मुळात तिच्याच डोक्यातून निघालेली. प्लॉटवरच्या पाचही टिटव्यांना तिने आपल्या शाळेतल्या मैत्रिणींची नावं दिली होती. विणीच्या हंगामात प्लॉटवर कुणी पाऊल टाकायचं नाही, असा बोर्डही तिनेच स्वतःच्या हाताने रंगवला होता.

"गेली," ती म्हणाली.

"कोण गेली?"

"अंडी. गेल्या आठवड्यात दोन घरटी रिकामी झाली, मला वाटलं कावळे असतील. आज उरलेली तीनही. वीस अंडी होती हो. एक नाही राहिलं."

पाठीमागच्या प्लॉटवरून टिटव्यांचा आक्रोश मांडवात स्पष्ट ऐकू आला. शाल आणि नारळ घेऊन उभा असलेला माणूस तसाच उभा राहिला. बी विंगप्रमुख हेतलने तोंडावर हात ठेवला. चारुलताबाई नवऱ्याशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि काय करावं ते न सुचून सलवारीच्या काठाला चिकटलेली कुसळं एकेक करून उपटू लागल्या.

तेवढ्यात सी विंगचा प्रमुख निकेश उठला. पिकलबॉलची रॅकेट घेऊनच आला होता.

"चोर मी बघितलाय," तो म्हणाला. "रोज सकाळी साडेसहाला प्लॉटकडून टोपली घेऊन येते. झाकलेली टोपली! आणि अंड्यांची टरफलं तिच्या बसायच्या जागेपाशी पडलीयत. आत्ता जाऊन बघा."

सगळ्या माना एकदम गेटकडे वळल्या. तिथे दमयंती मासळीवाली बोंबील मांडत बसली होती.

२

ठराव चार मिनिटांत झाला. सारस विहारमध्ये गळक्या टाकीचा ठराव दोन वर्षं चालतो. उद्यापासून दमयंतीने गेटवर बसायचं नाही.

"बसायचा नाय?" दमयंती उठून उभी राहिली. साठीची बाई, काष्टा घट्ट, आवाज त्याहून घट्ट. "हितं शेत होता तवा माजी सासू बसायची, तिच्यानंतर मी बसतंय. तुमची बिल्डिंग माज्या पाठी उभी ऱ्हायली, मी तुमच्या पुरं नाय बसले! आनि टिटवीची अंडी मी कशाला खाऊ? माज्या टोपलीत सुरमय हाय!"

"पण टरफलं, मावशी?" निकेश म्हणाला. "प्रूफ आहे."

दमयंतीने वाकून पायाशी पडलेल्या टरफलांकडे पाहिलं. पहिल्यांदाच. नंदकुमारांना तेवढं बघवलं नाही. या बाईची एक सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, मुलगा दिघ्याच्या कारखान्यातून घरी बसवलेला. घर चालत होतं ते या गटाराच्या झाकणाशेजारच्या दोन हात जागेवर.

"अरविंदराव," ते म्हणाले, "ठराव उद्यापासून आहे ना? मग आज संध्याकाळी सातपर्यंत मला द्या. पुन्हा इथेच जमू."

"तुम्ही काय करणार?"

"विचारणार. मला दुसरं काही येत नाही."

सभा पांगली. नंदकुमार गेटपाशी जाऊन उकिडवे बसले आणि टरफलाचा एक तुकडा तळहातावर घेतला.

"दमयंतीबाई, येता कुठून तुम्ही?"

"गावातून. गटाराच्या कठड्यावरशी. सिमिटाचा हाय, पाय मलत नाय."

नंदकुमारांनी तिच्या लुगड्याचा काठ पाहिला. मीठ होतं, खवले होते. कुसळ एकही नव्हतं. प्लॉटवर कमरेएवढं वाळलेलं गवत. त्यातून माणूस दहा पावलं गेला तरी घरी येऊन तासभर कुसळं काढतो. ही बाई प्लॉटमध्ये गेलेली नव्हती.

मग त्यांनी टरफल डोळ्यांपाशी नेलं. माणसाने फोडलेलं अंडं एका फटक्यात फुटतं. या टरफलाची कड बारीक बारीक चावून काढलेली होती. त्यांनी खिशातून माईकच्या वायरीचं टोक काढून शेजारी धरलं. तेच दात.

"भाऊ, ही टोपली बघा," दमयंती म्हणाली. "सुकटीची. महिन्यात तिसरा ठिगल लावला."

टोपलीच्या बुडालाही तेच दात होते. टरफलं इथे आली होती ती दमयंतीमुळे नव्हे, शेजारच्या गटाराच्या भोकामुळे. उंदीर अंडी ओढत इथवर आणत होते आणि निवांत खात होते.

पण कुठले उंदीर? त्रेसष्ट तर मेले होते.

नंदकुमार उठून पंपरूममागे गेले. निळा, दोनशे लिटरचा, ज्यात सात आठवड्यांत त्रेसष्ट उंदीर बुडाले तो ड्रम कोपऱ्यात उभा होता.

ड्रमच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत कोळ्याने भलं मोठं जाळं विणलेलं होतं. त्यांनी काडीने ते बाजूला केलं आणि आत वाकून पाहिलं.

आत पाण्याचा थेंब नव्हता. कधी नव्हताच. कंपनीचं कागदी लेबल तळाला कोरडं ठणठणीत चिकटलेलं होतं.

३

निकेश क्लबहाउसमध्ये एकटाच भिंतीवर बॉल मारत होता.

"प्लॉटवर पिकलबॉलचं कोर्ट व्हावं म्हणून अर्ज तुझा आहे ना?" नंदकुमारांनी विचारलं.

"आहे. म्हणून मी अंडी फोडेन? अंकल, प्लीज. मी बोंबीलसुद्धा काटे काढून, फिलेट करून घेतो."

"तुझ्या विंगेत उंदीर किती झाले?"

"सव्वीस! हायेस्ट."

"विल्हेवाट कशी लावतोस?"

बॉल भिंतीवरून परत आला तो निकेशच्या रॅकेटला लागलाच नाही. "म्हणजे... लावतो. यू नो."

"नो."

"अंकल, सकाळी सकाळी असलं डिटेलमध्ये काय विचारता? ड्रममध्ये. सगळे लावतात तशी."

नंदकुमारांनी मान डोलावली. त्यांना नाक्यावरचा एक ड्रायव्हर आठवला, जो गाडीत काय आहे विचारलं की गाडीच्या मालकाचं नाव सांगायचा.

हेतल बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिने दार उघडलं आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "काका, मी ड्रममध्येच टाकते."

"मी काही विचारलं का?"

"नाही, म्हणजे... निकेशचा फोन आला होता."

"पाणी कोण भरतं ड्रममध्ये?"

"पाणी?" हेतल गोंधळली. "पाणी असेलच ना. निकेश भरत असेल. नाहीतर चारू काकी. मी झाकण कधी..." आणि ती एकदम थांबली.

"ड्रमला झाकण नाहीये, हेतल."

तिने दाराची कड धरली. तिच्या देवघरात गणपतीसमोर समई लावलेली दिसत होती, आणि गणपतीच्या पायाशी, मोदकावर हात ठेवून, पितळेचा छोटा उंदीर.

"काका, तुमचा उंदीर तुम्ही स्वतः मारता?" तिने हळूच विचारलं.

नंदकुमार ए विंगचे प्रमुख होते. हा प्रश्न त्यांना कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनी पिंजरा फक्त लावला होता. सकाळी त्यात काही खुडबुडलं की ते पेपर तोंडासमोर धरायचे, आणि पेपर खाली घेईपर्यंत पिंजरा रिकामा होऊन, धुऊन, खिडकीत वाळत असायचा.

"आमच्याकडे ते खातं बायकोकडे आहे," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले. दुसऱ्या मजल्यावर त्यांना जरा दम लागला.

४

दुपारी तीन वाजता नंदकुमार क्लबहाउसच्या बाकावर चष्मा पुसून बसले आणि सोसायटीच्या ग्रुपवरचे उंदरांचे त्रेसष्ट फोटो पहिल्यापासून पाहू लागले. प्रत्येक फोटोखाली अरविंदरावांचा अंगठा आणि दोन टाळ्या.

नाक्यावर एक युक्ती चालायची. एकच ट्रक नंबरपाट्या बदलून तीनदा आत जायचा. कारकून पाट्या लिहायचे. नंदकुमार पाट्यांकडे बघायचेच नाहीत. ते ट्रकचे पोचे बघायचे. पाटी बदलता येते, मडगार्डचा पोचा बदलत नाही.

पस्तीसेक फोटो झाल्यावर त्यांना बांड्या दिसला.

हे नाव त्यांनीच ठेवलं. घूस म्हणावी असा जाडजूड उंदीर, शेपटी अर्धीच, डाव्या कानाचा तुकडा उडालेला. चौदा मे, सी विंग, निकेशचा फोटो. खाली लिहिलेलं: 'एक और गया.' त्यांनी मागे जाऊन पाहिलं. नऊ मे, बी विंग, हेतलचा फोटो. अर्धी शेपटी, तोच कान.

नऊ तारखेला हेतलने ज्याची विल्हेवाट लावली तो चौदा तारखेला निकेशच्या पिंजऱ्यात भजी खात होता. मेलेला उंदीर भजी खात नाही. म्हणजे हेतलने त्याला सोडून दिलं होतं. पुढे एकोणीस मे, पुन्हा बी विंग, पुन्हा बांड्या, आधीपेक्षा जाड. म्हणजे निकेशनेही सोडलं होतं.

नंदकुमार चक्रावून गेले. त्यांनी कागदावर खुणा करत इतर उंदीरही जुळवले. पांढऱ्या पायाचा सहा वेळा. एका डोळ्याचा नऊ वेळा. त्रेसष्ट फोटोंमध्ये उंदीर होते एकंदर अकरा. सारस विहारने सात आठवडे अकरा उंदरांना आळीपाळीने भजी खाऊ घातली होती, आणि प्रत्येक वेळी सोडलं होतं... कुठे? जिथे कुणी बघणार नाही तिथे. जिथे कुणी जायचंच नाही असा बोर्ड लावलेला आहे तिथे.

प्लॉटवर.

मधल्या रिकाम्या वेळेत भूक लागली की, चार पावलांवर, उघड्या जमिनीवर, चार चार अंडी.

हेतल आणि निकेश. सुटलं कोडं. ते उठणार, तेवढ्यात सवयीने त्यांनी आणखी मागे बोट सरकवलं. बांड्या पहिल्यांदा कधी आला ते बघायला.

पाच मे. अर्धी शेपटी, तोच कान. मोजताना त्यांनी फक्त उंदीर पाहिला होता, आता भोवतालचंही पाहिलं.

फोटो त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतला होता. पिंजऱ्याच्या कडीवर एक हात होता, आणि त्या हातातली हिरव्या खड्याची अंगठी त्यांनी स्वतः, चाळीस वर्षांपूर्वी, हप्त्याने घेतली होती.

५

चारुलताबाई गच्चीत होत्या. दुर्बीण डोळ्यांना लावलेली, पण नजर कुठेच नव्हती.

"माझी नमिता टिटवी अजून खड्यांभोवती फिरतेय," त्या म्हणाल्या. "रिकाम्या जागेवर बसते, उठते, पुन्हा बसते."

नंदकुमार शेजारी उभे राहिले. मग म्हणाले, "चारू, सकाळी तुझ्या सलवारीला कुसळं होती."

दुर्बीण खाली आली.

"प्लॉटवर तर कुणी जात नाही," ते म्हणाले. "बोर्ड आहे."

"गणपतीचं वाहन आहे हो ते," चारुलताबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की वाऱ्यात जवळजवळ हरवलाच. "पहिल्या दिवशी ड्रमपाशी नेला मी पिंजरा. तो जाळीतून बघत होता. हात जोडल्यासारखे पुढचे दोन्ही पाय. मला नाही जमलं. मग मी... पण मी तोंड खाडीकडे करून सोडायचे हां! प्रत्येक वेळी! वाटायचं, सरळ खाडीकडेच जाईल."

"उंदराला दिशा सांगितलीस?"

"चेष्टा करू नका." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आणि मग, जकात नाक्यावर शेवटची ताडपत्री निघावी तसं, तिला उरलेलं दिसलं. नंदकुमारांनी ते तिच्या चेहऱ्यावर पाहिलं आणि ते पाहायला आपण आलो नसतो तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. "म्हणजे मीच. अहो, माझ्या टिटव्यांच्या पुढ्यात रोज सकाळी मीच नेऊन..."

तिने कठड्याला धरलं. खाली प्लॉटवर नमिता ओरडत होती.

"सात वाजता काय सांगणार तुम्ही?" तिने विचारलं.

"हेतल आणि निकेशची नावं पुरेशी आहेत," नंदकुमार म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक ट्रक न तपासता सोडायची तयारी दाखवली होती. "दमयंतीची जागा तेवढ्यानेही वाचेल."

चारुलताबाईंनी दुर्बीण गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिली आणि त्या जिन्याकडे निघाल्या.

६

सात वाजता मांडवात एकही खुर्ची रिकामी नव्हती. दमयंती गेटच्या आत, पण मांडवाच्या बाहेर उभी होती. मासळीची टोपली डोक्यावर, म्हणजे निर्णय काही झाला तरी लगेच निघता यावं.

नंदकुमारांनी टरफल, वायर आणि सुकटीची टोपली टेबलावर मांडली. दात दाखवले. ड्रमच्या तळाचं कोरडं लेबल उचकटून आणलं होतं, ते दाखवलं. मग मांडवाच्या कनातीवर बांड्याचे छापून आणलेले फोटो लावले. नऊ, चौदा, एकोणीस.

"उंदीर जिवंत आहेत," ते म्हणाले. "एकंदर अकरा. आपण त्यांना मारलं नाही, सांभाळलं. आणि रोज सकाळी नेऊन प्लॉटवर सोडलं. दमयंतीबाईंनी अंडी खाल्ली नाहीत. सारस विहारने खाल्ली."

कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं. अरविंदरावांची शाल खांद्यावरून घसरली ती त्यांना कळलीही नाही. हेतल खुर्चीतच रडू लागली. "जीव आहे ना तो, काका! मला वाटलं माझा एकटीचाच..."

"मीपण," निकेश म्हणाला. त्याची रॅकेट खाली आली होती. "पिंजरा डिकीत लपवून प्लॉटवर न्यायचो. मला वाटायचं बाकीचे मारतायत. एक माझा सुटला तर काय बिघडतं?"

"पण सुरुवात कुणी केली?" अरविंदरावांनी विचारलं. "नऊ तारखेच्या आधी?"

नंदकुमारांनी खिशात हात घातला. पाच तारखेचा फोटो खिशातच होता. हात बाहेर आला तो रिकामा.

"मी केली," चारुलताबाई उभ्या राहिल्या. "पाच मेला, ए विंग. त्याच्याही आधी. मोहिमेच्या पहिल्या दिवसापासून. बोर्ड मीच रंगवला आणि मीच तो ओलांडून रोज आत जात होते." त्या मांडवाबाहेर चालत गेल्या, दमयंतीसमोर उभ्या राहिल्या. "दमयंती, सकाळी ठरावाला हात वर करणाऱ्यांत मी होते. कुसळं काढत होते, पण दुसरा हात वर होता."

सगळ्यांना आपापला सकाळचा हात आठवत होता.

अरविंदरावांनी घसा खाकरला. ठराव रद्द झाला. दमयंतीची जागा सोसायटीच्या भिंतीवर रंगाने कायमची आखून द्यावी असा नवा ठराव आला, तोही चार मिनिटांत. टिटव्या अंडी गेल्यावर पुन्हा घालतात, हे चारुलताबाईंनी रडत रडत सांगितलं, तेव्हा टाळ्या झाल्या. यापुढे खरी विल्हेवाट कोण लावणार, हा प्रश्न आल्यावर टाळ्या थांबल्या आणि सगळे छताकडे बघू लागले.

अरविंदरावांना आता राहवेना. ते उठले. माईक अजून बंदच होता, म्हणून त्यांनी नुसताच हात आकाशाकडे नेला.

"दमयंतीबाई! आज या सोसायटीने आपल्या अपराधाची कबुली दिली आहे. एका निष्पाप स्त्रीवरचा कलंक आज धुऊन निघाला आहे. माणूस, पक्षी आणि निसर्ग यांच्या नात्याचा हा नवा अध्याय आहे! बोला, आपल्याला काय म्हणायचं आहे?"

दमयंतीने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. अध्यक्षांकडे तिने पाहिलंच नाही. तिने चारुलताबाईंच्या हातावर हात ठेवला, जरा संकोचली, आणि म्हणाली,

"वयनी, ते सगला ऱ्हाऊं द्या. तुमचा तो पिंजरा दोन दिस द्याल का? प्लॉटाच्या पलीकरं माजा घर हाय, महिन्याभरात लय उंदीर झालेत."